नाचघराची खुंटी

हे कपाट विकायचं नाही.

आज दुपारी त्या बाई हटूनच बसल्या होत्या. आरशाला तडा, एक पाय आखूड, तरी मागू ती किंमत द्यायला तयार. मी नाही म्हटलं. तेव्हापासून, भाच्या, तू माझ्याकडे असा बघतोयस की म्हाताऱ्याला ताप तर नाही ना आला. "मामा बसल्या खुर्चीसकट स्वतःला विकतील," असं तूच चारचौघांत सांगतोस ना? सांग. खोटं नाही ते. शाळा चौथीत सुटली, त्यानंतर लाकूड, पितळ आणि माणूस, तिन्ही ठोकून बघायला बाजारानंच शिकवलं. चाळीस वर्षांत जुनी वस्तू दुकानात आली आणि गिऱ्हाईक मिळूनही राहिली, असं फक्त या कपाटाच्या बाबतीत झालंय.

"मागे खजिना पुरलाय का मामा?" सूनबाई, हसतेयस. हस. पण शटर अर्धं ओढून घ्या आणि तो मोठा दिवा मालवा, डोळ्यांवर येतो. टेबलावरचा पुरे.

घडलं ते माझ्या साडूबरोबर. मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तुमच्या लग्नात सगळे फोटोला उभे होते आणि एक माणूस खाली वाकून जमिनीवर टकटक करून बघत होता, तोच तो. लाकडी जमिनी बसवणं हा त्याचा धंदा. कुणाच्या घरी गेला की आधी पायाखालचं बघतो, मग यजमानाचं तोंड. एका ठिकाणी तर यजमानीणबाईंना "तुमची वाजते" असं बोलला आणि जेवणाशिवाय परत आला. फळी म्हणायचं राहून गेलं होतं. असा सरळ माणूस. थापा मारायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. म्हणून सांगतो, तो जे बोलला ते तसंच झालं असणार.

पाच वर्षं झाली. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. सकाळी त्याचा फोन आला.

"साडूभाऊ, मुरलेलं शिसवी लाकूड आहे का? अठ्ठेचाळीस पाचरी हव्यात. आज संध्याकाळपर्यंत."

"कशाला एवढ्या?"

"नाचघराला."

नाचघर तुम्हाला माहीत आहे, आता तिथं तिकीट काढून गाणी ऐकायला जाता. पण तुम्ही पाहिलंय ते डागडुजी झाल्यानंतरचं. आमच्या लहानपणी त्याच्यासमोरून जाताना बापाचा हात घट्ट धरावा लागायचा, इतक्या गाड्या. आत म्हणे बारा झुंबरं, वरती तिन्ही बाजूंनी सज्जे, भिंतींना माणसाच्या दुप्पट उंचीचे आरसे. शनिवारी नाच, रविवारी वाद्यवृंद. मग लोकांचे शौक बदलले. तिथं सिनेमा चालला, चाकांचे बूट घालून मुलं फिरली, एक वर्ष तर साबणाच्या कंपनीनं खोकी ठेवली. मग कुलूप. कबुतरं. अठरा वर्षांनी गावच्या पैसेवाल्यांना एकदम जुन्याचं प्रेम आलं आणि त्यांनी ते पुन्हा उघडायचं ठरवलं. जुन्याचं प्रेम आलं की मला बोलावणं येतंच. बदललेल्या कड्या, नळ, मुठी, सगळं जुनं पितळ मी एका रकमेत उचललं होतं.

पण त्या इमारतीतली खरी वस्तू झुंबरं नव्हेत. जमीन. साडू तिच्याबद्दल बोलायला लागला की त्याची बायको म्हणायची, "माझ्याबद्दल एवढं कधी बोललात का?" ती अख्खी जमीन, तीनशे माणसं नाचतील एवढी, लोखंडी स्प्रिंगांवर उभी आहे. नाचताना पावलाबरोबर ती किंचित दबते आणि वर येते, म्हणून माणूस रात्रभर नाचला तरी पिंडऱ्या भरून येत नाहीत. पण गाण्याच्या दिवशी वर खुर्च्या मांडायच्या असतात. खुर्च्या डुलून कशा चालतील? म्हणून त्या दिवशी जमिनीखाली शिरायचं आणि तुळया आणि खालचे दगड यांच्यामध्ये पाचरी ठोकायच्या. अठ्ठेचाळीस. की जमीन घट्ट. नाच असला की पुन्हा खाली जाऊन सगळ्या काढायच्या. खाली जागा किती? कोपरांवर सरपटण्याइतकी. तुळईखालून जायचं तर उताणं व्हायचं, आणि छातीवर बोटभर अंतर उरतं.

पूर्वी या कामाला एक खास माणूस असायचा. त्याला पाचरवालाच म्हणायचे.

तर मी दुपारी साडेचारला पाचरी टेम्पोत घालून गेलो. आत रंगाचा वास. साडू गुडघ्यांवर, पॉलिशआधी जमीन शेवटची घासत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नाच शिकवणारी मंडळी जमीन तपासायला येणार होती, आणि त्यांनी मान हलवली तरच याचं नाव होणार. पुढची तीन कामं त्याच एका मानेवर अवलंबून. कर्जाऊ यंत्रं घेऊन बसलेला माणूस, रात्र रात्र झोप नव्हती त्याला. योजना अशी होती: जुन्या कुजक्या पाचरी काढून त्यांच्या जागी माझ्या बसवायच्या, एकदा जमीन घट्ट होते का बघायचं, मग सगळ्या काढून सकाळसाठी ती मोकळी सोडायची. घट्ट जमिनीवर मारलेलं पॉलिश रात्री अकरापर्यंत सुकणार, तोवर हादरा नको. म्हणजे पाचरी काढायला अकरानंतर.

मी म्हटलं, "एकटा?"

"खाली दोघं मावत नाहीत, साडूभाऊ. तुम्ही तर एकटेही मावणार नाही."

पोटावरून बोलला. असू दे.

निघताना मला ती दिसली. वाजंत्रीवाल्यांच्या मंचाच्या बाजूला, जमिनीखाली जायचं जे फळीचं झाकण आहे, त्याच्या अगदी वर, भिंतीत. पितळेची खुंटी. एकच. चार स्क्रूंची, हंसाच्या मानेसारखी वळलेली, वापरून वापरून टोक सोन्यासारखं झालेलं. माझ्या यादीत ती नव्हती. पण बाकीचं सगळं पितळ माझं होतं, आणि यादी कुणी एवढी वाचतंय? खिशात पेचकस असतोच.

पहिला स्क्रू ढिला केला आणि मागून आवाज आला, "ती राहू द्या."

चावीकाका. नाचघराचा राखणदार, सत्तरीकडे झुकलेला. कुलूप लागलेल्या अठरा वर्षांतही रोज झाडू मारायला यायचा. कमरेला चाव्यांचा घोस, म्हणून चावीकाका. त्याचा बापही तिथंच दरवान होता.

"का हो काका?"

तो तोंड उघडून उभा राहिला. मी वाट पाहिली. व्यापाऱ्याला वाट बघता येते. त्यानं ओठ हलवले, मग साडूकडे बघितलं, मग खाली.

"खाली जाणारा टोपी तिथं लावतो," एवढंच म्हणाला.

"आता माझा साडू टोपी खुर्चीवर ठेवील. पितळेच्या खुंटीवर ठेवल्यानं काय तिला पंख फुटतात?"

साडू हसला. मी हसलो. चावीकाका हसला नाही. पण पुढं बोललाही नाही. मी उरलेले तीन स्क्रू काढले आणि खुंटी खिशात टाकली.

सहा वाजता दुकानात आलो. खुंटी पुसली, आणि, हे सांगायला लाज वाटते, ती विकायचं मनच होईना. इथं, या भिंतीत बसवली. छत्री लावायला. तेव्हा हे कपाट इथं नव्हतं. रात्री नऊला शटर ओढलं, दोन्ही कुलपं घातली, किल्ल्या नेहमीसारख्या उशीखाली.

इथून पुढचं साडूनं सांगितलेलं. मी माझं काही घालत नाही.

रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटं. चावीकाका बाहेरच्या दारापाशी आपल्या खोलीत. हॉलमध्ये साडू एकटा. मधला एक दिवा चालू. पॉलिशवर त्यानं शंखजिऱ्याची पूड शिंपडली होती, पावलं सहज सरकावीत म्हणून नाचाआधी टाकतात ती. जमीन पांढुरकी दिसत होती. फोन त्यानं खुर्चीवर ठेवला, खाली रेंज नसते. टोपीही ठेवणार होता. लोकरीची, कानांवर ओढायची, बायकोनं विणलेली. पण भिंतीकडे सवयीनं हात गेला, खुंटी नाही, चार भोकं. मग म्हणाला, थंडी आहे, डोक्यावरच राहू दे.

खाली उतरला. कपाळाला दिवा बांधलेला. झाकण उघडं ठेवलं होतं.

कडेपासून सुरुवात केली. हातोडा, पाचर, पुढे. हातोडा, पाचर, पुढे. प्रत्येक पाचर निघाली की वर लाकूड सुस्कारा टाकल्यासारखं बोलायचं. त्याला ते ऐकायला आवडायचं. एकतिसावी निघाली तेव्हा त्यानं मनगटावर बघितलं. बारा. त्याच्या घड्याळाचे काटे अंधारात चमकतात.

बत्तिसावीसाठी मधल्या तुळईखाली जायला हवं होतं. उताणा झाला. पायांनी रेटा दिला. छाती तुळईखाली आली.

आणि झाकण बंद झालं.

आदळलं नाही. कुणीतरी वाकून, अलगद लावावं तसं.

"काका?" साडू म्हणाला.



मग वर एक पाऊल पडलं. नाजूक. बाईमाणसाची टाच असावी तसं. मग दुसरं. दोन्हींच्या मध्ये सरकल्याचा आवाज... पुडीवरून सरकतं तसा.

"कोण आहे? वर येऊ नका! खाली माणूस आहे!"

पावलं थांबली नाहीत. वाढली. चार. दहा. वीस. एका बाजूनं येत होती, आरशांकडून. साडू सांगत होता, पावलांना घाई नव्हती. माणसं जोडीजोडीनं येऊन उभी राहत होती. वाट बघत होती.

मग शांत.

एकदम सगळं शांत.

...

आणि वाजायला लागलं. नीट ऐकू येत नव्हतं. खालून फक्त ठोका. एक, दोन तीन. एक, दोन तीन.

पहिल्या ठोक्याला जमीन खाली आली.

एकतीस पाचरी निघालेल्या. जमीन मोकळी. तुळई छातीला टेकली, आणि वर गेली. पुन्हा टेकली. जरा जास्त. वर गेली. श्वास घ्यायचा तो ती वर असताना. तो ठोक्यावर श्वास घ्यायला लागला... समजतंय? त्यांच्या ठोक्यावर.

ओरडला. ओरडायला श्वास लागतो. दोनदा ओरडल्यावर तिसऱ्यांदा उरला नाही.

कपाळावरचा दिवा गेला.

हातातल्या हातोड्यानं त्यानं वर ठोकलं. वर कुणीतरी टाळी वाजवली.

भाच्या, पाणी दे जरा.

साडू म्हणाला, मी मेल्यासारखाच होतो. बायको आठवली, यंत्रांचं कर्ज आठवलं. मग एक विचित्र गोष्ट आठवली, की आपण आज टोपी खुंटीला लावलेली नाही. आणि त्याच वेळी त्याला कळलं की खाली आपण एकटे नाही.

डाव्या बाजूला. कोपरं घासत सरपटल्याचा आवाज. सवयीचा माणूस सरपटतो तसा, न अडखळता. जवळ आला. थांबला. श्वास नाही. वास नाही. मग त्याच्या डोक्यावर हात आला.

थंडही नव्हता म्हणे. कोरडा होता. पिठूळ.

त्या हातानं चाचपून बघितलं. कपाळ. कान. मग हलकेच... मुलाच्या डोक्यावरून काढावी तशी... त्याची टोपी काढली.

आणि सरपटत निघून गेला. झाकणाकडे. झाकण उघडल्याचा आवाज नाही. पण तो गेला.

साडूनं घड्याळ बघितलं. बारा वाजून पाच मिनिटं. त्याला वाटलं, झालं. मदतीला आलेला एकच माणूस होता, तोही टोपी घेऊन गेला.

नाच चालूच होता. जोरात. एक, दोन तीन. बारा दहा. बारा वीस. काट्यांकडे बघत राहायचं आणि तुळई वर गेली की श्वास ओढायचा, एवढंच त्यानं ठरवलं. एका ठोक्याला बरगडी कडकन वाजली. बारा तीस.

बारा चाळीसला संगीत थांबलं.

सुराच्या मधेच. एखाद्यानं हात वर करावा आणि वाजवणाऱ्यांनी बघावं, तसं.

तुळई वर गेली. पुन्हा खाली आली नाही.

पावलं... भिंतींकडे परतली. हळूहळू.

आता माझा भाग. एक दहाला फोन वाजला. मेव्हणी.

"भावोजी, हे अजून आले नाहीत. फोन वाजतोय, उचलत नाहीत."

"काम असेल गं, येईल."

"भावोजी." एवढंच बोलली ती. मी अंगात सदरा घालेपर्यंत ती फोन धरूनच होती, आणि तिचा श्वास ऐकत मी खाली उतरलो.

दीडला नाचघर गाठलं. चावीकाका बाहेरच्या पायरीवर बसलेला, चाव्यांचा घोस दोन्ही हातांत आवळून. मला बघून उठला नाही.

"आत काय झालं?"

"मला जाता आलं नाही," तो म्हणाला. "ऐकू येत होतं. मला पाय उचलता आला नाही."

मी त्याला ढकलून आत गेलो. मधला दिवा चालू. हॉल रिकामा. खुर्चीवर साडूचा फोन वाजत होता. झाकण लावलेलं, आणि वरून ते बसलंही होतं घट्ट, पहार लावून उपटावं लागलं. साडू झाकणाखालीच पडलेला, एक हात वर केलेला. जिवंत. ओठ निळे. दोन बरगड्या गेल्या होत्या. मी आणि काका, दोघा म्हाताऱ्यांनी त्याला ओढून वर काढलं.

पुडीवर पावलं? सूनबाई, तू हेच विचारणार हे मला ठाऊक होतं. माझीच होती तोपर्यंत सगळीकडे. घाबरलेला माणूस बघत चालत नाही.

डॉक्टरकडे साडूला नेलं, मेव्हणी आली. ती रडली नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "टोपी कुठंय?"

तो म्हणाला, "घेतली."

बाहेर बाकावर चावीकाका माझ्या शेजारी येऊन बसला. पहाटेचे चार वाजले असतील. तोच बोलायला लागला, समोरच्या भिंतीशी.

"नियम होता. खाली जाताना पाचरवाल्यानं टोपी खुंटीला लावायची. टोपी लावलेली असेपर्यंत वाजवणाऱ्यांनी वाद्याला हात लावायचा नाही, जमिनीवर कुणी पाय ठेवायचा नाही. टोपी काढायची ती त्यानंच, वर आल्यावर. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मालकानंसुद्धा नाही."

"मग?"

"मी नऊ वर्षांचा होतो. मोठ्या पाहुण्यांची रात्र. आधी गाणं झालं, मग नाच होता, म्हणून तो पाचरी काढायला खाली गेला. पाहुण्यांच्या बायकोला मंचाच्या बाजूनं आणायचं ठरलं. आणि तिथं भिंतीवर ती मळकी टोपी. बापाला वाटलं, बरं दिसत नाही. पाच मिनिटांसाठी काढतो, त्या पुढे गेल्या की लावतो. कोटाच्या खिशात ठेवली. मग दार उघडायला बोलावलं. मग गर्दी झाली."



"विसरला हो. बाकी काही नाही. वाईट माणूस नव्हता. विसरला. वाजवणाऱ्यांनी बघितलं, टोपी नाही. वाजवायला लागले. अडीच तास नाच झाला."

"आणि लोकांना काय सांगितलं?"

"पळून गेला म्हणून. कुठल्या गाणाऱ्या बाईबरोबर. त्याची बायको दोन वर्षं दारात येऊन विचारायची, काही पत्ता लागला का. माझा बाप तिला सांगायचा, नाही ताई." चाव्या वाजल्या. "दुसऱ्या दिवशी सकाळी कोटाच्या खिशात टोपी मला सापडली. मी बापाला विचारलं. त्यानं मला मारलं नाही. माझ्याकडे फक्त बघितलं. म्हणून मी आयुष्यभर बोललो नाही. काल दुपारीसुद्धा तोंडाशी आलं होतं..."

त्याला काय बोलणार? त्याच्या बापानं टोपी काढली होती. मी तर खुंटीच काढली. तीही यादीत नसलेली.

"कसा होता तो?" मी कसंबसं विचारलं.

"बुटका. हसरा. मला खाली न्यायचा कधी कधी, अंधाराला घाबरू नये म्हणून. उजव्या हाताचं मधलं बोट नव्हतं. हातोड्याखाली गेलेलं. त्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारायचा."

मी उठलो. म्हटलं, खुंटी आत्ताच्या आत्ता परत नेऊन लावायची, उजाडायच्या आत. इथं आलो तेव्हा सहाला दहा कमी. दोन्ही कुलपं जशीच्या तशी. मी स्वतः उघडली. शटर वर केलं.

खुंटीला साडूची टोपी होती.

कानांवर ओढायची. लोकरीची. घातलेल्या माणसाच्या घामानं आतून अजून ओली.

नाचघरापासून इथं चालत किती वेळ लागतो, भाच्या? तू तर रोज जातोस. ... हो. पस्तीस मिनिटं.

मी टोपी काढली नाही. मी साडूला फोन लावला, मेव्हणीनं त्याच्या कानाला धरला. म्हटलं, "टोपी सापडली. तूच येऊन काढ." तो तिसऱ्या दिवशी आला, बरगड्यांना पट्टे बांधून, मेव्हणीचा खांदा धरून. आला, हात वर केला, टोपी काढली. मग आम्ही खुंटी नेऊन जागेवर बसवली. चावीकाकानं स्क्रू पिळले. नाच शिकवणाऱ्यांची तपासणी आठवड्यानं झाली, त्यांनी मान हलवली, साडूचं काम राहिलं. उद्घाटनाच्या रात्री पाहुणे मंचाच्या बाजूला येऊन खोळंबले, कारण चावीकाका वाटेत आडवा उभा. खुंटीवर एक टोपी होती. खाली कुणी नव्हतं. "पाच मिनिटं," म्हणाला. पाच मिनिटं सगळे थांबले. लोकांना वाटलं, जुन्या पद्धतीचा काहीतरी मान असेल. काहींनी फोटोही काढले.

आणि मी हे कपाट इथं आणून ठेवलं.

का? ... बरं. दोघं एका बाजूला धरा. उचलू नका, सरकवा. आखूड पाय आहे, जपून.

आता तो दिवा इकडे आण. खाली, शटरच्या बाजूला. दिसतंय? जमिनीपासून हातभर. तिथून सुरू. मग जरा वर. मग त्याच्याही वर. सरपटत आलेला माणूस भिंतीला धरून उभा राहतो ना, तसं. अंधारात चाचपडत. खुंटी सापडेपर्यंत.

पाच वर्षांत मी पुसलं नाही. रंगही दिला नाही. तू हात लावू नकोस, सूनबाई... ती पूड अजून बोटाला लागते.

ही चार भोकं. खुंटी इथं होती. आणि हा शेवटचा, तिच्या शेजारचा. पंजा पूर्ण उमटलाय.

मोज बोटं.